५०० लिटरची क्वेव्री: घ्यावी की नाही

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी बिघडत नाही. जॉर्जियात राहून, घरच्या अंगणात, वर्षाला साडेतीनशे बाटल्यांच्या आसपास वाइन करायची असेल तर क्वेव्री जरूर घ्या. घ्याल तेव्हा दोन घ्या, एक मोठी आणि एक तिच्या निम्मी. नाशिकला मागवायचा विचार असेल तर तो सोडा. कारण खाली येईलच. आणि भांडी घासायचा कंटाळा असेल तर स्टीलची टाकी घ्या, सुखी राहाल.

क्वेव्री म्हणजे मातीचं, अंड्याच्या आकाराचं, तळाकडे निमुळतं होत गेलेलं भांडं. ते तोंडापर्यंत जमिनीत पुरतात. त्यात द्राक्षं सालीसकट, बियांसकट, काखेती या पूर्वेकडच्या वाइनच्या प्रांतातल्या पद्धतीत तर देठांसकट घालतात. तिथेच ती आंबतात आणि थंडी सरेपर्यंत तिथेच राहतात. वीस-पंचवीस लिटरच्या हौशी क्वेव्रीपासून आत माणूस उभा राहील अशा हजारो लिटरच्या क्वेव्रीपर्यंत सगळी मापं मिळतात. मी घेतली ती ५०० लिटरची आणि जोडीला २५० लिटरची. काखेतीतल्या तेलावी शहराच्या आसपास क्वेव्री करणारी मोजकीच घरं उरली आहेत. त्यांतल्या दोन घरांशी माझा व्यवहार झाला. नावं देत नाही, कारण एकाशी भांडण झालं आणि दुसऱ्याकडे आधीच रांग आहे.

आता मी कोण, ते थोडक्यात. माहेर पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं. द्राक्षाचं मला कुणी वेगळं शिकवलं नाही, घरातच सगळं होतं: विरळणीच्या बायका, डिपिंगचे मग, मणी फुगवायच्या जीए औषधाचा हिशेब, निर्यातीच्या मण्याची जाडी मोजायच्या प्लास्टिकच्या रिंगा. पण ते सगळं खायच्या द्राक्षाचं. २००१ साली महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आजूबाजूला वाइनच्या बागा उभ्या राहायला लागल्या, तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही, दोन एकर लावली. करार झाला, काही वर्षं माल गेला, मग मंदी आली आणि कंपनीने उचल थांबवली. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन काय करणार? बारीक मणी, जाड साल, बियाच बिया. बाग तोडली, परत थॉमसन लावली. त्यानंतर घरात वाइनचं नाव काढायची सोय नव्हती.

लग्नानंतर आम्ही शारजाला. तिथून जॉर्जिया विमानाने साडेतीन तासांवर. आखातातली कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टीत इथे येऊन बर्फात फोटो काढून जातात. आम्हीही तसेच आलो होतो. ह्यांची नोकरी गेली तेव्हा दोघंही पन्नाशीला टेकलेलो, मुलगी बाहेर शिकायला, आणि माहेरी जाऊन भावाच्या संसारात लुडबुड करायची माझी इच्छा नव्हती. इथे घर स्वस्त, भाडेपट्ट्याने बाग मिळते, आणि द्राक्ष मला कळतं, एवढ्या भांडवलावर आलो. वाइन कशी करतात ते दोघांनाही माहीत नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आण्णा असते तर त्यांनी तुला घरात घेतलं नसतं."

द्राक्ष कळतं म्हणाले खरं, पण इथली वेल निराळी वागते. नाशिकला वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मध्ये सतत तिला चाबूक. इथे नोव्हेंबरात पानं गळून पडतात आणि बाग बर्फाखाली गप्प. छाटणी वर्षातून एकदा, थंडी संपता संपता. रोग मात्र ओळखीचे: तोच केवडा, तीच भुरी, आणि औषधही तेच. शेजारचे आजोबा मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो करत होते, कोपरापर्यंत निळे हात. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण चुना जास्त झालाय एवढं मला दिसत होतं. मी बोटाने खूण केली, त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, आणि ओळख झाली. तेव्हापासून ते मला 'कालबातोनो' म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. पुढे जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांचं ज्ञान आहे.

क्वेव्रीच्या आधी जमिनीचं बघा. २०१८ मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, मोजके अपवाद सोडले तर. त्याच्या काही वर्षं आधी पंजाबातले शेतकरी इथे येऊन जमिनी घेत होते. गावकऱ्यांच्या ते अजून लक्षात आहे, आणि मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण 'पंजाब?' असंच विचारतो. आम्ही बाग खंडाने घेतली. पण खंडाच्या जमिनीत क्वेव्री पुरणार कशी? एकदा पुरलेली क्वेव्री उकरताना फुटायचीच शक्यता जास्त. करार संपला की भांडं मालकाचं आणि आपण रिकाम्या हाताने. म्हणजे घराचं अंगण हवं, आणि गावातल्या बऱ्याच घरांचं अंगणसुद्धा कागदोपत्री शेतजमीनच असतं. आपण सातबारा बघतो तसा इथल्या नोंदणीचा उतारा बघा. तो ऑनलाइन निघतो, चिरीमिरी लागत नाही, हे मला अजूनही पचलेलं नाही. बिगरशेती नोंदीचं घर मिळेपर्यंत आम्ही तेलावीत एका खोलीत काढलं, आणि आमच्या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत कंटाळवाणा काळ तोच.

आता भांडं. क्वेव्री चाकावर होत नाही. मातीच्या जाड वळ्या थापत थापत भिंत वर नेतात, रोज थोडी थोडी. खालचा थर सुकून भार पेलायला लागला की मगच वरचा. त्यामुळे कुंभाराच्या पडवीत एका वेळी पुष्कळ क्वेव्र्या वेगवेगळ्या उंचीच्या उभ्या असतात. तो एकीवर हात फिरवतो, दुसरीकडे जातो, संध्याकाळी पहिलीकडे परत येतो. मोठ्या भांड्याला महिना-दोन महिने सहज जातात. मग सावलीत सुकवणं, मग विटांची भट्टी. भट्टीचं दार विटांनी चिणून घेतात आणि लाकडाचा जाळ दिवसरात्र चालू ठेवतात, आठवडाभर तरी. हजार अंशांच्या पुढे नेतात आणि तितकंच सावकाश निववतात. पाऊस लांबला, हवा दमट राहिली, की सगळंच पुढे. कुंभाराने दिलेली तारीख म्हणजे त्याची इच्छा समजा.

दर लिटरवर ठरतो. आकडा ऐकून हे म्हणाले, "एवढंच?" मग खड्डा झाला, वाळू झाली, क्रेनचा हात असलेला ट्रक झाला, चुना झाला, वर छप्पर झालं, आणि सगळी बेरीज भांड्याच्या किमतीच्या पुढे निघून गेली. विकणारा हे आपण होऊन सांगत नाही. विचारलं तर खांदे उडवतो, कारण त्याच्या मते खड्डा खणणं हा खर्च नसतोच, घरची पोरं कशाला आहेत.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच इथेही करतात, फक्त लाकडी दांडक्याने. आवाज घणघणला पाहिजे. थप्प आला तर कुठेतरी चीर आहे. आमच्या दोन्ही भांड्यांचा आवाज स्वच्छ होता. तरी घरी आणल्यावर आजोबांनी दोन्ही पाण्याने भरायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लहान क्वेव्रीच्या खांद्याखाली तळहाताएवढा ओला डाग. कुंभाराचं म्हणणं, मेणाने थांबेल. आजोबांचं म्हणणं, मेण छिद्रं बुजवतं, चीर बुजवत नाही. फोनमधलं भाषांतराचं ॲप भांडणाला अगदी निरुपयोगी असतं. त्याचं बोलून होईपर्यंत दोघांनाही थांबावं लागतं आणि तोवर राग उतरतो. शेवटी त्याने भांडं परत नेलं, पण पैसे अर्धेच दिले; वाहतुकीत तडकलं असेल, हा त्याचा मुद्दा. लेखी काहीच नव्हतं. इथे कुणाकडेच नसतं. माझा सल्ला एवढाच की पाण्याची चाचणी त्याच्याच अंगणात, ट्रक भरण्याआधी करून मागा. चांगला कुंभार नाही म्हणत नाही. लहान क्वेव्री मग दुसऱ्या घरातून घेतली, तिथल्या म्हाताऱ्याने तर मी मागायच्या आत पाइप सोडला.

त्याचं मेणाचं कामही बघण्यासारखं. भांडं गरम असतानाच वितळलेलं मधमाश्यांचं मेण आतून कुंच्याने फिरवतात. ते मातीत मुरायला हवं. भिंतीवर जाड पापुद्रा दिसला तर तो पुढेमागे सुटून वाइनमध्ये येणार. तोंडात डोकं घालून वास घ्या. मधाचा, थोडा धुरकट वास आला की ठीक. देवघरातल्या मेणबत्तीचा वास आला तर कसलं मेण आहे ते विचारा, आणि उत्तराला वेळ लागला तर निघा. मेण लावलं म्हणजे भांडं काचेसारखं बंद होत नाही, किंचित श्वास राहतोच. तो राहावा म्हणूनच तर माती.

पुरायचं काम उन्हाळ्यात झालं. बाहेरून चुन्याचा हात, खड्ड्याच्या तळाशी वाळू, भांडं उभं करून चारी बाजूंनी वाळू-मातीची भरती. भरतीबरोबर आतलं पाणीही चढवत नेलं, म्हणजे बाहेरच्या दाबाने काही होऊ नये. आजोबा काठाला डोळा लावून तोंड सपाट आहे की नाही ते बघत होते आणि ह्यांना "अजून, अजून" करत होते. संध्याकाळपर्यंत अंगणात नुसती दोन वर्तुळं दिसायला लागली. एवढा पैसा घातला आणि दाखवायला काहीच नाही, म्हणून ह्यांचा चेहरा पडलेला.

तोडणी सप्टेंबरच्या अखेरीस. जात रकात्सितेली, इथली पांढरी, काखेतीत जिकडे बघावं तिकडे हीच. माहेरून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स आलं, म्हणजे रसात साखर साधारण २३ टक्के. ५०० लिटरच्या भांड्यात ५०० लिटर घालायचं नसतं. आंबताना साल वर उचलते, वर हातभर जागा हवी. म्हणून सव्वाचारशे-साडेचारशे किलो द्राक्ष पुष्कळ झालं. हाताने फिरवायच्या यंत्रातून चेंदलं आणि सगळं आत. यीस्ट विकत आणलं नाही, द्राक्षाच्या अंगावर असतं तेच.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वर साल-देठांची पेंड जमून टम्म फुगली आणि भांडं बोलायला लागलं. कान लावायची गरज नाही, अंगणात उभं राहिलं तरी ऐकू येतं, खालून सतत बुडबुडण्याचा आवाज. लांब दांड्याने ती पेंड खाली दाबायची, दिवसातून चार-पाच वेळा. वरची पेंड कोरडी राहिली तर तिथे आंबूस चढतं आणि मग व्हिनेगर. पहिल्या दाबाला दांडा जातच नाही, मग एकदम भस्सकन आत जातो आणि जांभई दिल्यासारखा गरम वायू तोंडावर येतो. तोंड बाजूला ठेवा. तो कार्बन डायऑक्साइड आहे, आणि छपराखाली वारा नसेल तर चक्कर येते. चिलटं इतकी, की मी तोंडाला ओढणी बांधून काम केलं.

इथे भांड्याला पूर्ण गुण. तापमापक घालून रोज बघत होते. उष्णता चढली, पण हाताबाहेर गेली नाही, कारण चारी बाजूंची जमीन ती ओढून घेत होती. थंड पाण्याची जॅकेट नाही, वीज नाही, रात्री लाइट गेली म्हणून जीव टांगणीला नाही. नवशिक्याला हे फार मोठं आहे. टाकी घेतली असती तर चिलर, पंप, झडपा, सगळ्याबद्दल मला रोज काहीतरी ठरवावं लागलं असतं, आणि ठरवण्याइतकं मला कळत नव्हतं. क्वेव्रीत ठरवायला फारसं काही नसतंच. दाबा, झाका, थांबा.

गोडवा संपला, पेंड खाली बसायला लागली, तसं तोंडावर दगडी झाकण ठेवून कडेने ओली माती लिंपली. मग हिवाळा. वर बर्फ पडला होता आणि मला रोज झाकण उघडून बघावंसं वाटायचं. आजोबांनी झाकणावर लाकडाचा ढीगच रचून ठेवला.

एप्रिलमध्ये उघडलं, आणि तळाला टोक कशासाठी ते तेव्हा कळलं. बिया सगळ्यांत आधी टोकात जाऊन बसतात, त्यांच्यावर गाळ आणि साल बसते. बियांचा कडूपणा वाइनला लागण्याचा पृष्ठभाग कमी होतो. वरची वाइन आपोआप निवळलेली. नळी घालून वरून काढली, भरली २८० लिटरच्या आसपास. २५० लिटरची दुसरी क्वेव्री तोंडापर्यंत भरली, उरलेली काचेच्या मोठ्या बरण्यांत. दोन घ्या म्हणते ते यासाठी. गाळावरून काढलेली वाइन अर्ध्या रिकाम्या भांड्यात ठेवली तर हवेने बिघडते. एकच क्वेव्री विकणारे खूप भेटतील. दुसरीची गरज तुम्हाला एप्रिलमध्ये कळते, आणि एप्रिलमध्ये कुणाकडेच तयार भांडं नसतं. खालच्या गाळाची आजोबांनी दारू गाळली. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

चवीचं सांगायचं तर पांढऱ्या वाइनची अपेक्षा ठेवून पिऊ नका. रंग गडद, मधाळ, तांबूसाकडे झुकलेला. वासाला सुकं जर्दाळू आणि सालीसकट अक्रोड. तोंडात तुरटपणा रेड वाइनइतका. पहिल्या घोटाला ह्यांनी तोंड वाकडं केलं. नुसती पिण्याची ही वाइनच नव्हे, जेवणाबरोबरची आहे. इथे वांग्यात अक्रोडाचं वाटण भरून देतात, त्यांच्याबरोबर उत्तम. माझ्या हातच्या शेंगदाण्याच्या कुटाच्या भरल्या वांग्यांबरोबर त्याहून उत्तम, फक्त तिखट निम्मं करा, कारण तुरटपणा तिखटाला चढवतो. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर करून पाहिलं: जीभ पेटली. फरसाणाबरोबर चांगली लागते, हे इथल्या कुणाला सांगू नका.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. धुणं. क्वेव्रीची खरी किंमत धुण्यात आहे, आणि ती दर वर्षी भरावी लागते. भांडं जमिनीत, तळाला टोक, नळ नाही, तोटी नाही. आत गेलेला प्रत्येक थेंब वरूनच बाहेर काढायचा. चेरीच्या सालीचे थर एकावर एक शिवून केलेला एक घासणा मिळतो, लांब दांड्याचा. तो भिंतीवर फिरवतात. साल मऊ असते, मेण खरवडत नाही, पण खळग्यांतला गाळ काढते. प्लास्टिकचा ब्रश मी शहरातून आणला होता, आजोबांनी तो गोठ्याकडे पाठवला. आधी थंड पाणी, मग राखेचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी, घासा, उपसा, घासा, उपसा. काठावर पोटावर झोपून हात आत घालायचा. खांदे, कंबर, गुडघे सगळं एकाच दिवशी आठवतं. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की मला वाटलं झालं. आजोबांनी पेला बुडवला, माझ्यापुढे धरला आणि खुणेने सांगितलं, पी. मी हुंगलं, कालची वाइन अजून होती. परत घासा. ज्या पाण्याचा पेला मी न हुंगता प्यायले, तिथे थांबलो. शेवटी गंधकाची वात पेटवून आत टांगायची आणि झाकायचं.

एक धोक्याची गोष्ट. मोठ्या क्वेव्रीत माणूस उतरून धुतो. आंबवण आत असताना किंवा नुकती रिकामी झालेली असताना तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. पेटती मेणबत्ती सोडून बघतात, पण ती विझली नाही म्हणजे हवा चांगली असा अर्थ काढू नका. पंखा लावून हवा खेळवा, वर दुसरा माणूस उभा ठेवा, कमरेला दोर बांधा. म्हणूनच म्हणते, पहिल्यांदा घेणाऱ्याने आत न उतरता वरूनच, लांब दांड्याने तळ गाठता येईल एवढंच भांडं घ्यावं. ५०० लिटर ही माझ्या मते हद्द.

या भांड्याभोवतीच्या प्रचाराला मात्र मी दोन गुण कापते. बाटलीवर, फलकावर, विमानतळाच्या भिंतीवर, जिकडेतिकडे 'वाइनची आठ हजार वर्षं'. खरं आहे ते असं: तिबिलिसीच्या दक्षिणेला गाडाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या खापऱ्यांत द्राक्षाच्या वाइनच्या खुणा सापडल्या, इ. स. पू. ६००० च्या सुमाराच्या, आणि ते संशोधन २०१७ मध्ये छापून आलं. मोठीच गोष्ट. पण म्हणून मला भांडं विकणाऱ्याने चिरेवर आठ हजार वर्षांचं पांघरूण घालू नये. क्वेव्री टिकली ती घरोघरच्या अंगणांमुळे. सोव्हिएत काळात कारखान्यांना टनावारी माल हवा होता, १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेत बागाच्या बागा उपटल्या गेल्या, तरी लोक घरापुरती करत राहिले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाची वाइन बंद केली आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा दुसऱ्या देशांना विकण्यासाठी वेगळेपण शोधणं भाग पडलं. त्याआधीच इटलीच्या ओस्लावियातल्या योश्को ग्रावनर यांनी जॉर्जियातून क्वेव्र्या नेऊन २००१ पासून त्यांत वाइन करायला सुरुवात केली होती, आणि परदेशी चोखंदळ लोकांचं लक्ष इकडे वळलं होतं. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत ही पद्धत आली. आज तरी जॉर्जियाची बहुतेक वाइन स्टीलच्या टाक्यांतूनच बाहेर पडते, आणि त्यात वाईट काही नाही. आजोबांची सून अशाच एका मोठ्या वाइनरीत काम करते. ती म्हणते, क्वेव्री पर्यटकांसाठी आणि सासऱ्यांसाठी.

नाशिकच्या मंडळींसाठी. भावाने विचारलं होतं, एक कंटेनर भरून पाठव, इथे पर्यटक येतात, अंगणात पुरू. मी नको म्हणाले. जमिनीत थोडं खोल गेलं की तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ जातं. तेलावीत ती सरासरी बारा-तेरा अंश. नाशिकला चोवीस-पंचवीस. म्हणजे इथे जी जमीन वाइनला थंड ठेवते, ती तिथे कोमट ठेवणार. त्यात आणखी एक उलटं: इथे तोडणी झाली की पुढे हिवाळा असतो, आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाची तोडणी झाली की पुढे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात सालीसकट वाइन जमिनीत ठेवून आपण झोपणार कसं? भोवती थंडाव्याचे पाइप घातले तर जमेल, पण मग वीज आली, चिलर आला, आणि टाकीच काय वाईट होती? पर्यटकांना दाखवायला एक रिकामी पुरून ठेवायची असेल तर आपल्या कुंभाराकडून करून घ्या.

गुणांचं विचाराल तर ५०० लिटरच्या भांड्याला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एका बाजूला मेण जरा जाड राहिलंय म्हणून. दुसऱ्या कुंभाराकडून घेतलेल्या २५० लिटरच्या भांड्याला पाच. पहिल्या कुंभाराच्या सेवेला दोन. भांडं परत नेलं हे नाकारत नाही. दुसऱ्याला पाच, उशीर धरूनही.

घेणार असाल तर दिवाळीनंतर लगेच जाऊन सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या तोडणीच्या आत मिळायची आशा. आगाऊ रक्कम कमीत कमी द्या आणि पाण्याच्या चाचणीचं आधी बोलून घ्या. माप सांगताना 'भरेल एवढं' की 'द्राक्ष मावेल एवढं' हे नीट विचारा, दोन्हींत फरक आहे. झाकणाचा दगड वेगळा, वाहतूक वेगळी. चेरीच्या सालीचा घासणाही किमतीत धरलेला नसतो.